माझा बटाटा कारखान्यात काम करतो

नववीत असताना मी भर वर्गात उभं राहून, अगदी ठणठणीत आवाजात सांगितलं होतं, "माझा बटाटा कारखान्यात काम करतो."

मराठीत नाही, स्पॅनिशमध्ये. मला म्हणायचं होतं, "माझे पप्पा कारखान्यात काम करतात." पण तोंडातून बाहेर पडला तो बटाटा. मॅडमनी ओठ आवळून हसू दाबलं. मागच्या बाकावरच्या एकाला अर्थ कळला, त्यानं तो शेजाऱ्याला सांगितला, आणि मग अख्खा वर्ग हसत सुटला. मी खाली बसले. कान इतके तापले होते की वाटलं, आता पुन्हा या तासाला तोंड उघडायचं नाही.

तुमच्याही बाबतीत असं कधीतरी झालं असेल. नवं गाव, नवी भाषा, आपण धीर करून एक वाक्य बोललो आणि समोरचा हसला. त्यानंतर आपण पुन्हा बोलतो की गप्प बसतो, यावर पुढचं बरंच काही ठरतं. त्या वर्षी आमच्या घरात दोघीजणी नवी भाषा शिकत होत्या. एक मी. दुसरी कोण, हे कळायला मला हा बटाटा लागला.

सीतापुऱ्यातली स्पॅनिश

आम्ही जयपूरच्या सीतापुऱ्यात राहतो. जयपूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर हवामहल आणि आमेरचा किल्ला येत असेल. सीतापुरा त्यातलं काहीच नाही. शहराच्या दक्षिणेला, टोंक रोडच्या बाजूला पसरलेली ही औद्योगिक वसाहत आहे. दागिने आणि रत्नांचे कारखाने, तयार कपड्यांचे कारखाने, मोठमोठी प्रदर्शनं भरतात ते जेईसीसी, आणि जिकडे पाहाल तिकडे कॉलेजांच्या पाट्या. बाबा इथल्याच एका कपड्यांच्या कारखान्यात हिशेबाचं काम करतात. मूळचे ते सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याचे. नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. माझा जन्म जयपूरचाच.

मी नववीत गेले तेव्हा आमच्या शाळेनं स्पॅनिशचा वर्ग सुरू केला. आठवड्याला तीन तास, ज्याला हवं त्यानं बसावं. बाबा म्हणाले, "आधी इंग्रजी तरी नीट येऊ दे." पण आईनं नाव घालायला लावलं. तिचं म्हणणं सरळ होतं, "इथे दागिने घ्यायला कुठून कुठून लोक येतात. आमेरला गाईड बघितलेस ना, काय फाडफाड बोलतात! शिकू दे की तिला."

आईचं खरंच होतं. जयपूरचे कितीतरी गाईड स्पॅनिश बोलतात. जगात जवळपास ५० कोटी लोकांची ही मातृभाषा आहे, आणि स्पेनपासून मेक्सिको, पेरू, अर्जेंटिनापर्यंत वीस देशांची ती अधिकृत भाषा आहे. पण मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मैत्रिणी बसल्या म्हणून मी बसले.

पहिल्याच तासाला मॅडमनी फळ्यावर एक शब्द लिहिला, त्याची सुरुवात इंग्रजी एच अक्षरानं होती. आम्ही एका सुरात वाचलं, "होला!" मॅडम म्हणाल्या, "ओला. स्पॅनिशमध्ये हे अक्षर लिहायचं, बोलायचं नाही." मग त्यांनी आमच्या शहराचं नाव लिहिलं आणि सांगितलं की स्पॅनिश माणूस हे वाचताना 'जयपूर' म्हणणार नाही, 'खायपूर' म्हणेल, कारण त्यांच्याकडे जे अक्षराचा उच्चार घशातून, 'ख'च्या जवळचा होतो. घेवर आणि प्याज कचोरीच्या गावाला हे नाव शोभतं, असं सगळ्यांचं एकमत झालं.

आजी आली

त्याच वर्षी आजोबा गेले. वेंगुर्ल्याचं घर बंद करून बाबा आजीला सीतापुऱ्यात घेऊन आले. तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. सोबत एक ट्रंक, काजूगराची पिशवी आणि कोकमाची बरणी.

आजी घरात मालवणीतच बोलायची. तुम्हाला पटकन कळावं म्हणून तिचं बोलणं मी इथे साध्या मराठीत लिहिते आहे. हिंदी तिनं आयुष्यात टीव्हीवर ऐकली होती तेवढीच. आल्यानंतर चार-पाच दिवसांनी ती मला सोबत घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीवर गेली. तिथे बटाट्याच्या ढिगाकडे बोट करून तिनं विचारलं, "बटाटा कैसा दिया?"

भाजीवाला तिच्याकडे बघतच राहिला. "क्या दिया, माताजी?"

"बटाटा, बटाटा!"

गाडीवर उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या. तेवढ्यात माझ्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर तिथे आली. आणि मी काय केलं असेल? मी चार पावलं बाजूला सरकले आणि दुकानातल्या वेफर्सच्या पाकिटांकडे बघत उभी राहिले. जणू ती लुगड्यातली बाई माझी कुणी नव्हतीच.

हे लिहिताना आजही हात थांबतो. पण खरं ते सांगायला हवं. मला तेव्हा आमच्या मराठीपणाचीच लाज वाटायची. घरी मी 'बाबा' म्हणायची आणि शाळेत बोलताना 'पापा', कारण सगळे तसंच म्हणायचे. डब्यात घावणे असले तर 'डोसा' म्हणून सांगायची. अशा वेळी आजीनं भर रस्त्यात "बटाटा, बटाटा" करावं, हे मला सहनच झालं नाही.

शेवटी आजीनं एक बटाटा उचलून तराजूत टाकला, पैसे दिले आणि आम्ही घरी आलो. ती मला काही बोलली नाही. मात्र त्यानंतर ती भाजीला गेली नाही. हळूहळू खालीही उतरेनाशी झाली. दुपारभर गॅलरीत बसून राहायची. महिन्या-दीड महिन्यानं एका रात्री तिनं बाबांना सांगितलं, "माका घराक जावचा आसा." मला घरी जायचंय. तिकडे घर बंद आहे, एकटी कशी राहशील, असं बाबा तिला परोपरीनं समजावत होते. ती म्हणाली, "इथे तरी मी कुणाबरोबर आहे?"

मी शेजारच्या खोलीत स्पॅनिशचा गृहपाठ करत होते. मला सगळं ऐकू येत होतं.

पापा आणि पाताता

त्यानंतरच्याच आठवड्यात माझ्या त्या प्रसिद्ध वाक्याची पाळी आली. आई-वडील काय करतात ते प्रत्येकानं सांगायचं होतं. मी घरून वाक्य पाठ करून गेले होते, "मी पापा त्राबाखा एन उना फाब्रिका." यातला 'मी' म्हणजे आपला मी नाही, स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'माझा'. बाकी सगळं बरोबर होतं. चूक एवढीच झाली की 'पापा' म्हणताना मी जोर पहिल्या अक्षरावर दिला. स्पॅनिशमध्ये जोर शेवटच्या अक्षरावर दिला तर वडील, पहिल्यावर दिला तर बटाटा!

वर्ग हसून शांत झाल्यावर मॅडमनी मला पुन्हा उभं केलं. मला वाटलं, आता आणखी शोभा. पण त्या वर्गाला म्हणाल्या, "हिनं आज तुम्हाला एक असा नियम शिकवला, जो तुम्ही जन्मात विसरणार नाही." मग त्यांनी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहिले. वडिलांच्या शेवटच्या अक्षरावर एक तिरपी रेघ काढली. बटाट्यावर काही नाही. एवढाच फरक.

"आणि हे मेक्सिकोत, पेरूत झालं असतं," मॅडम म्हणाल्या. "स्पेनमध्ये हिची चूक झालीच नसती. तिथे बटाट्याला दुसरा शब्द आहे, पाताता."

पाताता! तो शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांसमोर भाजीची गाडी उभी राहिली. "बटाटा, बटाटा" म्हणणारी आजी. मी हात वर केला. घरातली मराठी मी त्या वर्गात पहिल्यांदा उच्चारत होते. "मॅडम, हमारे घर में बटाटा बोलते हैं."

कुणी हसलं नाही. उलट मॅडमचे डोळे चमकले. त्यांनी उरलेला तास त्या एका शब्दावर घालवला. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगररांगांमधला. तिथल्या केचुआ भाषेत त्याला 'पापा' म्हणतात. कॅरिबियन बेटांवरच्या लोकांकडे रताळ्यासाठी 'बाताता' हा शब्द होता. स्पॅनिश लोक तिथे पोचले आणि या दोन शब्दांची सरमिसळ होऊन स्पेनमध्ये 'पाताता' झाला. स्पॅनिशची सख्खी शेजारीण पोर्तुगीज. तिच्यात 'बाताता'च राहिला. पोर्तुगीज जहाजांतून हे कंद हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि सोबत शब्दही उतरला. म्हणून मराठीत, गुजरातीत बटाटा. उत्तरेत मात्र आधीपासून कंदासाठी असलेला 'आलू' हाच शब्द चालू राहिला.

म्हणजे गाडीवर आजी जो शब्द बोलली, तो चुकीचा नव्हताच. अर्धं जग फिरून आलेला शब्द होता तो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. आणि हसण्यासारखं असतं, तरी मी तिच्या शेजारी उभं राहायला हवं होतं. आज सगळा वर्ग मला हसला, तेव्हा माझ्या बाजूनं मॅडम उभ्या राहिल्या. आजीच्या बाजूनं कुणीच नव्हतं.

एक वही, दोन पानं

त्या संध्याकाळी मी गॅलरीत आजीपाशी जाऊन बसले. आधी तिला माझी फजिती सांगितली. बाबांचा मी बटाटा केला, हे ऐकून ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आजोबा गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग मी तिला पातातातून बटाटा कसा आला ते सांगितलं. शेवटी, मान खाली घालून, त्या दिवशी गाडीवर मी बाजूला का सरकले होते तेही सांगितलं.

"मला कळलं होतं गो बाय," ती म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी एक नवी वही काढली. डावीकडच्या पानावर आजीची हिंदी, उजवीकडच्या पानावर माझी स्पॅनिश. दोन्हीकडे रोज पाच शब्द, त्याच पाच वस्तूंचे. पाणी, मीठ, दार, पिशवी, बटाटा. आजी सातवीपर्यंत शिकलेली, देवनागरी छान वाचायची. मी स्पॅनिशही देवनागरीतच लिहायचे. मॅडम त्यावर रागवायच्या, कारण पुढे वाचायला अडचण येते. पण उच्चारांसाठी त्याचा फार उपयोग झाला. स्पॅनिशमधले त आणि द अगदी आपल्यासारखे, दातांना जीभ लावून. इंग्रजीच्या सवयीनं वर्गातली मुलं 'टोमाटे' म्हणायची, मी वहीत 'तोमाते' लिहिलेलं असल्यामुळे बरोबर म्हणायचे.

रात्री जेवणानंतर आम्ही एकमेकींची तोंडी परीक्षा घ्यायचो. आजी फार कडक. अंक म्हणताना मी 'उनो, दोस, त्रेस' सुरू केलं की ती बोटं मोडत मोजायची. एकदा ती मध्येच म्हणाली, "दोस म्हणजे दोन, सिएते म्हणजे सात. आपलेच उचललेत की यांनी!" उचललेले नाहीत, पण ती फार चुकलीही नव्हती. स्पॅनिश आली लॅटिनमधून, मराठी आली संस्कृत-प्राकृतातून, आणि लॅटिन-संस्कृत या एकाच जुन्या घराण्यातल्या बहिणी. त्यांच्याकडे नऊ म्हणजे 'नुएवे' आणि नवा म्हणजे 'नुएवो'. आपल्याकडेही नऊ आणि नवा किती जवळ आहेत बघा. आणि 'तू' म्हणजे तर सरळ 'तू'च. मोठ्या माणसाला 'उस्तेद' म्हणायचं, जसं आपण 'तुम्ही' म्हणतो. आजीला ते फार आवडलं. "इंग्रजीसारखं सरसकट नाही हां," म्हणाली.

वेंगुर्ल्याहून गोवा जवळ. पोर्तुगीज तिथे १५१० पासून १९६१ पर्यंत होते, त्यामुळे त्यांचे शब्द आजीच्या बोलण्यात ठासून भरलेले. ते आम्ही एकेक करून शोधून काढले. आपला पाव, स्पॅनिशमध्ये 'पान'. आपली चावी, त्यांची 'यावे'. आपली बादली, लॅटिन अमेरिकेत कितीतरी ठिकाणी 'बाल्दे'. सगळ्यात गंमत आली ती 'पागार' सापडला तेव्हा. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ पैसे देणं. बाबा एक तारखेला घरी आले की आजी विचारायची, "झाला का पागार?"

हिंदीच्या पानावर वेगळ्याच गमती. आमच्या भागात कॉलेजं खूप, त्यामुळे 'उच्च शिक्षा' अशा पाट्याही खूप. एकदा रिक्षातून जाताना आजीनं त्यातली एक वाचली आणि काळजीनं विचारलं, "एवढ्या पोरांना उच्च शिक्षा? केलं तरी काय यांनी?" हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुझी स्पॅनिश सोपी गो. ही हिंदी दिसते आपल्यासारखी आणि फसवते."

दोन प्रकारचं 'आहे'

स्पॅनिश शिकणाऱ्याला सगळ्यात जड जातं ते 'असणं'. आपल्याकडे एक 'आहे' म्हटलं की काम भागतं. त्यांच्याकडे दोन आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. तुम्ही कोण, कुठले, स्वभावानं कसे, हे सांगायला सेर. तुम्ही आत्ता कुठे आहात, कशा अवस्थेत आहात, हे सांगायला एस्तार. 'मी अमुक गावची' म्हणताना 'सोय', 'मी अमुक ठिकाणी आहे' म्हणताना 'एस्तोय'. वर्गात निम्म्या मुलांचं डोकं याच धड्यावर दुखायला लागलं.

मॅडमनी गृहपाठ दिला, घरातल्या एका माणसावर पाच वाक्यं. मी आजीवर लिहिलं. 'माझी आजी वेंगुर्ल्याची आहे.' इथे सेर. 'ती जयपुरात आहे.' इथे एस्तार. 'तिला मासे आवडतात.' हे वाक्य सोपं गेलं, कारण इंग्रजीत 'मी आवडवते' अशा थाटाची रचना असते, तर स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता' म्हणजे थेट आपलं 'मला आवडतं'. एक आंबा असेल तर 'मे गुस्ता', अनेक असतील तर 'मे गुस्तान', अगदी 'आवडतो' आणि 'आवडतात' सारखं. हिंदीतही असंच असतं, म्हणून हा धडा आमच्या सगळ्या वर्गाला सोपा गेला.

चौथं वाक्य लिहिलं, 'ती काजूगराची उसळ छान करते.' मग पाचवं राहिलं. मला लिहायचं होतं, 'ती दुःखी आहे.' आता इथे सेर की एस्तार? दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं. त्यांनी विचारलं, "तुझी आजी पहिल्यापासून तशीच आहे का?"

मी म्हटलं, "नाही. वेंगुर्ल्याला ती खूप बोलायची. अख्खी वाडी तिच्या पडवीत असायची."

"मग एस्तार," त्या म्हणाल्या. "सेर लिहिलंस तर तिचा स्वभावच दुःखी होईल. एस्तार म्हणजे सध्या तशी आहे. सध्याचं बदलू शकतं."

व्याकरणाचा नियम सांगत होत्या त्या. पण मी वाक्य लिहिताना माझा हात जरा हलला.

घरी येऊन पाचही वाक्यं मी आजीला वाचून दाखवली, अर्थासकट. दोन 'आहे' समजावले. वेंगुर्ल्याची असणं वेगळं आणि जयपुरात असणं वेगळं, एकानं दुसरं पुसलं जात नाही, असंही सांगितलं. आजी बराच वेळ वहीच्या पानावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "चांगली भाषा आहे. यांना माहीत आहे." आणि थोड्या वेळानं, "उद्या सकाळी भाजीला जाऊ. तू चल."

आलू कैसा दिया

सकाळी आम्ही गेलो. या वेळी मी तिच्या शेजारी, तिच्या हाताला हात लागेल इतकी जवळ उभी होते. आजीनं घसा साफ केला. "आलू कैसा दिया?"

"बीस रुपये किलो, माताजी."

"अच्छा देना. हरा नको."

'नको' मध्ये घुसलाच. तेवढ्यात भाजीवाल्यानं विचारलं, "आप पहले इसको कुछ और बोल रही थीं ना?" मी बाजूला सरकले नाही. "बटाटा," मी म्हटलं. "हमारी भाषा में बटाटा." आणि राहवेना म्हणून त्याला स्पेनपर्यंतची हकिकतही ऐकवली. त्याला ती कितपत पटली देव जाणे, पण त्या दिवसापासून आजी लांबून दिसली की तो हाक मारायचा, "आओ माताजी, बटाटा ताजा है!"

यानंतर सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. आजीला वेंगुर्ल्याची आठवण यायची ती येतच राहिली. बाबांनी मग एक वाट काढली. दर वर्षी आंब्याच्या दिवसांत आजी गावी जाते, घर उघडते, गणपती करते आणि परत येते. तिची हिंदी आजही स्वतःच्या चालीची आहे. पण मजल्यावरच्या प्रत्येक घरात कोणाचं लग्न ठरलं, कोणाला मधुमेह आहे, हे तिला आमच्या आधी ठाऊक असतं.

माझी स्पॅनिश? दोन वर्षं शिकले, मग दहावीच्या गडबडीत सुटली. पुढे मी इंग्रजी घेऊन बीए केलं. आज विचाराल तर स्वतःची ओळख करून देईन, बाजारात भाव विचारेन, आणि वडिलांना बटाटा म्हणणार नाही. पण मराठीत लिहायचं धाडस मात्र मला त्याच वर्गानं दिलं. 'घरी बटाटा म्हणतात' हे एकदा सगळ्यांसमोर बोलून झालं, मग लपवायला फारसं उरलं नाही.

तुमच्या घरी कुणी शिकत असेल तर

आता परदेशी भाषा बऱ्याच शाळांत आल्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिक शाळेत शिकता येतील अशा परदेशी भाषांमध्ये फ्रेंच, जर्मन, जपानी यांच्यासोबत स्पॅनिशचंही नाव आहे. स्पेन सरकारच्या इन्स्टिट्यूटो सर्व्हान्तेस या संस्थेचं केंद्र दिल्लीत आहे. 'देले' नावाची परीक्षा एवन या पहिल्या पायरीपासून सीटू या शेवटच्या पायरीपर्यंत देता येते. तुमचं मूल असा वर्ग लावणार असेल, तर माझ्या अनुभवातल्या दोन-तीन गोष्टी सांगते.

मराठी येणाऱ्याला स्पॅनिश वाटते तितकी परकी नाही. आपल्याकडे तीन लिंगं आहेत, त्यांच्याकडे नामांना दोनच. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' असं विशेषण बदलायची सवय आपल्याला जन्मापासून आहे. तेव्हा मुलाला सगळं इंग्रजीतून समजून घ्यायला लावू नका. आधी मराठीत तसं काही आहे का, ते घरात मिळून शोधा. रोज पाचच शब्द घ्या, पण मोठ्यानं म्हणा. आणि आजी-आजोबांना परीक्षक करा. त्यांना भाषा येत नसली तरी चालतं, तुम्ही अडखळलात की त्यांना बरोबर कळतं.

आणखी एक. घरात नवी भाषा शिकणारं फक्त शाळेतलं मूलच असेल असं नाही. गावाहून आलेली आजी असेल, लग्न होऊन दुसऱ्या राज्यात गेलेली बहीण असेल, परदेशी मुलाकडे राहायला गेलेले काका असतील. त्यांना कुणी वर्ग लावून देत नाही, वही देत नाही. त्यांच्या शेजारी कुणीतरी उभं राहावं लागतं.

गेल्या महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावर तमिळनाडूहून एक नवं जोडपं राहायला आलं. त्यातल्या मुलीला हिंदीचा गंध नाही. परवा मी कामावरून येताना पाहिलं, भाजीच्या गाडीवर ती उभी होती, आणि शेजारी आमची आजी. मुलगी काहीतरी अडखळत बोलली. गाडीवरच्या एका बाईला हसू आलं.

आजीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि आपल्या वेंगुर्ल्याच्या हिंदीत ठणकावलं, "हसनेका नहीं. वो अभी सीखती है."